गोष्टीवाचून आलेली चित्रं

आंबील आंबायला लागली की आमच्या गल्लीचा वास बदलतो. येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, जवळ आल्याचं मला कॅलेंडरवरून कधी कळत नाही, शेजारच्या जिन्याखाली झाकून ठेवलेल्या डेऱ्यावरून कळतं. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण आणि मार्गशीर्षातली थंडी यांचा मिळून एक आंबूस वास दारातून आत येत राहतो. मग अमावास्येच्या सकाळी अख्खं धाराशिव रिकामं होतं. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो आणि ज्याला नाही तो कुणाच्या तरी रानात. दुकानं बंद, रस्ते मोकळे, चौकात नुसतं ऊन.

शेजारची सून दरवर्षी दारात येऊन म्हणते, "बाई, चला की आमच्या संगं. जीपमधी जागा हाय."

मी दरवर्षी गुडघ्यांचं कारण सांगते. ते नुसतं निमित्त आहे हे तिलाही ठाऊक असतं. ती हसते आणि जाते. संध्याकाळी डब्यातून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील न चुकता आणून देते. दिवसभर मात्र गल्लीत मी एकटी असते. त्या दिवशी मी दिवाणाखालच्या सपाट पेट्या ओढून काढते आणि माझी चित्रं खोलीभर मांडते. खुर्चीवर, पलंगावर, जमिनीवर. चालायला जागा उरत नाही. कुणी येणार नसलं म्हणजे असा पसारा घालता येतो.

माझ्याकडं आहेत ती मुलांच्या जुन्या पुस्तकांतली मूळ चित्रं. पुस्तकात छापलेलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ते छापायच्या आधी कुणीतरी जाड, गुळगुळीत कागदावर, टाकानं, काळ्या शाईत काढलेलं असतं, छापील चित्राच्या दुप्पट मोठं. मग त्याचा फोटो घेऊन जस्ताचा ठसा करायचे, त्याला ब्लॉक म्हणत. ब्लॉक झाला की चित्राचं काम संपलं. पुस्तक मुलांच्या हातात जायचं आणि चित्र छापखान्यातल्या एखाद्या खणात पडून राहायचं. पुढं त्यात कुणी फराळ बांधायचं, कुणी त्यानं खिडकीची फट बुजवायचं. अशी फटीतून काढलेली, फराळाचे डाग पडलेली चित्रं मी आयुष्यभर गोळा केली. मी शाळेत शिकवत होते. सुट्टी लागली की इतर बाया माहेरी जायच्या, मी बंद पडलेल्या छापखान्यांचे पत्ते शोधत फिरायची. "बाईंचं डोकं जरा फिरलंय," असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. मला ते ऐकू यायचं.

पण हे वेड मला एकटीला सुचलेलं नव्हतं. ते माझ्या भावानं लावलं होतं.

आमचं गाव नळदुर्ग आणि सोलापूरच्या मधे, हद्दीच्या अलीकडं. अलीकडं म्हणजे निजामाच्या राज्यात, लोकांच्या भाषेत मोगलाईत. पलीकडं इंग्रजाचा मुलूख. रस्ता एकच, माती तीच, ज्वारीही तीच, पण मधे करोडगिरीचा नाका होता. माल नेला-आणला की तिथं जकात द्यायची आणि झडती द्यायची. आमचं घर लिंगायत वाण्याचं. पुढं आप्पांचं तेला-गुळाचं दुकान, मागं दोन खोल्या, आणि ओढ्याकाठी थोडं रान. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. ती गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला आठवत नाही, तिच्या लुगड्याच्या काठाचा खरखरीतपणा तेवढा आठवतो. मी जरा मोठी झाले तोवर माझ्या वयाच्या पोरींची लग्नं होऊन गेली होती, खेळायला कुणी नव्हतं. शाळा मुलांची, आणि तीही उर्दू. आप्पांनी मला पाटीवर मराठी अक्षरं गिरवून दिली होती, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून मी दखनी उर्दू बोलायला शिकले होते. वाचायला येत होतं, पण वाचायला काही नव्हतं. दुकानात पुड्या बांधायच्या कागदांवर अर्धीमुर्धी वाक्यं असायची. तीच माझी पुस्तकं.

माझा थोरला भाऊ अण्णा सोलापूरला एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायच्या कामाला लागला, आणि घरात आप्पा आणि मी दोघंच राहिलो. आप्पा दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून थकत. घरात आले की गप्प.

पहिल्यांदा अण्णा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं पिशवीतून एक गुंडाळलेला कागद काढला. उलगडला तर आत घोडा! मागच्या पायांवर उभा राहिलेला, नाकपुड्या फुगवलेला, आणि त्याच्या शेपटीला लोंबकळणारा एक म्हातारा. सगळं बारीक काळ्या रेघांचं. सावली म्हणजे जवळजवळ रेघा आणि ऊन म्हणजे लांब लांब रेघा. मी बोटानं चाचपून पाहिलं तर शाई किंचित वर आलेली लागली.

"ह्यो म्हातारा का लोंबतुया?" मी विचारलं.

"तूच सांग."

"मला काय म्हाईत? गोष्ट कुठंय?"

"गोष्ट पुस्तकात गेली. पुस्तक मालकाचं. चित्र टाकून द्यायला निघालं व्हतं, मालक म्हणला, ने. आता गोष्ट तू सांग."

मी सांगितली. कसली ते आता आठवत नाही. अण्णा भिंतीला टेकून ऐकत होता, आणि मधेच म्हणाला, "फुडं?" इतकंच. पण मला तोवर आयुष्यात कुणी 'पुढं?' म्हणून विचारलं नव्हतं.

मग हे ठरूनच गेलं. अण्णा सणाला यायचा तेव्हा चित्र घेऊन यायचा. पगडी घातलेला कोल्हा. विहिरीत डोकावणारी बाई. पावसात छत्रीखाली बसलेली बेडकांची सभा. चित्र हातात देऊन तो भिंतीला टेकायचा आणि मी सांगायला लागायची. खरी गोष्ट त्याला ठाऊक असायची, त्यानंच तर तिचे खिळे जुळवलेले असायचे. पण त्यानं ती कधी सांगितली नाही. तो परत गेला की मी चित्रं पत्र्याच्या पेटीत ठेवायची, आणि पुढच्या सणापर्यंत त्याच त्या चित्रांच्या वेगवेगळ्या गोष्टी भिंतीला सांगायची. भिंत पुढं विचारत नसे.

सत्तेचाळीस साली हद्दीपलीकडं स्वातंत्र्य आलं होतं. आमच्याकडं नव्हतं. आपण कुठल्या देशात आहोत हे दुकानात कुणी मोठ्यानं विचारत नसे. रझाकारांची नावं दबक्या आवाजात निघायची. नाक्यावर आता मालापेक्षा कागद जास्त तपासत, कारण पलीकडून निजामाविरुद्धची पत्रकं छापून येत होती. अशात येळवस आली. अण्णानं येतो म्हणून निरोप धाडला होता. त्याला आणायला आप्पा बैलगाडी घेऊन नाक्यापर्यंत निघाले, आणि मी हट्ट करून गाडीत बसले.

थंडी इतकी की बैलांच्या तोंडातून वाफ येत होती. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. अजून दाणा भरायचा होता, कणसं हिरवी-पांढरी. नाक्यावर रस्त्यात आडवा बांबू, बाजूला चुन्यानं रंगवलेली खोली, लिंबाचं झाड. झाडाखाली खुर्चीवर तिथला अमीन, म्हणजे फौजदार, शाल पांघरून चहा पीत बसला होता. त्याला खोकला झाला होता.

अण्णा बांबूच्या पलीकडं रांगेत दिसला. मला पाहून त्यानं हात वर केला. त्याची पाळी आली. शिपायानं पिशवी झटकली, आणि आतल्या धोतराच्या घडीतून कागदांची गुंडाळी खाली पडली.

"क्या है रे ये?"

शिपायानं कागद उलगडले. वरचंच चित्र एका जाडजूड राजाचं होतं. सिंहासनावर तोंड उघडं टाकून झोपलेला, उंच टोपी कलंडून कानावर आलेली, आणि मिशीपाशी तीन उंदीर. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा पाहत होते. शिपायाचा चेहरा बदलला. तो ते चित्र दोन्ही हातांनी धरून अमिनाकडं घेऊन गेला.

"साब, देखो. हुजूर की तस्वीर बनाए हैं. मजाक उडाए हैं."

हुजूर म्हणजे खुद्द निजाम. आप्पा गाडीवरून उतरले. त्यांनी हात जोडले. अमिनानं चित्र उभं धरलं, आडवं धरलं. मग अण्णाला विचारलं, "किसकी तस्वीर है ये?"

अण्णा बोलला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, त्याला ही गोष्ट माहीत नसावी. आपल्याला कधी माहीत नसतेच, तरी आपण सांगतो की! मी गाडीतून उडी मारली आणि बांबूजवळ गेले.

"साब, वो कहानी का राजा है."

अमिनानं माझ्याकडं पाहिलं. "तेरे कू मालूम है कहानी?"

"हौ साब."

"बोल."

आणि मी सांगायला लागले. एक राजा होता. थंडी फार होती, आजच्यासारखी. राजाच्या दारात एक भिकारीण आली, तर राजानं तिला आपली रजई देऊन टाकली. मग राजाला झोप येईना, कुडकुडत बसला. राजाच्या कोठारात उंदीर होते. राजा त्यांना कधी मारत नसे. उंदीर म्हणाले, आपल्या राजाला थंडी वाजतेय. पण उंदरांकडं कुठली रजई? मग त्यांना राजाची मिशी दिसली. लई मोठी मिशी. तिघांनी मिळून ती ओढली, ओढली, आणि राजाच्या गळ्यापर्यंत पांघरली. तेव्हा कुठं राजाला झोप लागली.

"मूंछ की रजाई!" अमीन म्हणाला, आणि इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. चहा शालीवर सांडला. शिपाईही हसायला लागला. "फिर? सुबह क्या हुआ?"

"सुबह राजा छींका, साब. तीनो चूहे उड गए."

अमिनानं डोळे पुसले. बाकीची चित्रं माझ्या हातात दिली. राजाचं मात्र त्यानं आपल्याजवळ ठेवलं. "मेरी बच्ची बिदर में है. इतनीच है, तेरे जैसी. उसकू दिखाऊंगा."

आप्पांचे हात जोडलेलेच होते. शिपाई बांबू उचलायला गेला. अण्णानं अलीकडं यायला पाऊल टाकलं, आणि अमिनानं सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, विचारलं, "क्या काम करता तू?"

"छापखान्यात हाय, साब," अण्णा म्हणाला. खरं तेच.

अमिनाचं हसू गेलं. मग शिपायाला म्हणाला, "छापखानेवाला. इसकू वापस भेजो."

बांबू पुन्हा खाली आला. आप्पा म्हणाले, "साहेब, सण हाय. उद्याच्याला माघारी जाईल." अमिनानं मान हलवली, रागानं नाही, पण हलवली. अण्णाला शिपायानं खांद्याला धरून वळवलं. जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. मला ओरडून काहीतरी म्हणाला, पण मागच्या गाड्यांचे बैल हंबरत होते, मला ते ऐकू आलं नाही. ते काय होतं हे पुढं विचारायचं राहूनच गेलं.

गाडी वळली. मला सारखं वाटत होतं की गोष्ट लवकर संपली. आणखी थोडी लांबवली असती तर अमिनानं हसता हसता अण्णाला येऊ दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी येळवस. रानात ज्वारीच्या ताटांची कोपी, म्हणजे खोपटं, आप्पांनी एकट्यानं उभी केली. चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, आत मांडले, वर शाल घातली. मी भज्जी केली होती, ती करपली होती. निवद झाला. त्या दिवशी बांधावर उभं राहून वाटसराला जेवायला हाक मारायची, ओळखीचा असो-नसो. आप्पा बांधावर गेले. "या जेवायलाऽ" त्यांनी हाक दिली. वाटेवर कुणी नव्हतं. शेजारचं रान मोकळं होतं, त्याच्या पलीकडचंही. लोक घरं सोडून हद्दीपार निघायला लागले होते. आप्पांनी पुन्हा हाक दिली. ज्वारीतून पाखरांचा एक थवा उठला आणि पुन्हा बसला. मग ते येऊन पानावर बसले.

घास मोडता मोडता म्हणाले, "गिरजा, ती राजाची गोष्ट. अण्णानं सांगितली व्हती व्हय तुला?"

"न्हाय, आप्पा. म्याच केली."

"कवा?"

"तितंच."

मग त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "तुझी अव्वा अशीच व्हती. चिंच आणाया धाडली तर चिंचंची गोष्ट घिऊन यायची. चिंच ऱ्हायची तितंच."

अव्वाविषयी ते इतकं कधी बोलले नव्हते. आणखी काही सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी आंबिलीचा वाडगा तोंडाला लावला, तो बराच वेळ खाली आणला नाही. रिकामा झाल्यावरही नाही.

त्या वर्षीची सुगी मी विसरू शकत नाही. ज्वारी पिकली, वाळली, वाऱ्यावर खुळखुळायला लागली, पण कापायला माणूस मिळेना. एक एक घर कुलूप लावून जात होतं. ज्या रानांतून सुगीत गाणी ऐकू यायची तिथं नुसती पाखरं. आप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघं जमेल तेवढी ज्वारी काढायला लागलो. पानांनी माझे हात कापले होते. दुपारी आप्पा पेंढ्यांच्या सावलीला पडायचे आणि मी चित्रं घेऊन बांधावर बसायची. बेडकांची सभा, कोल्हा, विहिरीतली बाई. पण गोष्ट सुरू केली की मधेच थांबायची, कारण 'फुडं?' म्हणणारं माणूस हद्दीपलीकडं होतं. एक कासार बांगड्यांची पेटी घेऊन चोरवाटेनं यायचा. तो सांगून गेला, "तुमचा पोरगा खुशाल हाय." पुढं तोही यायचा बंद झाला.

उन्हाळ्यात आप्पांनीही घराला कुलूप लावलं. नाका टाळून, ओढ्या-ओढ्यानं, आम्ही पलीकडं गेलो. बरोबर धान्य, दोन भांडी, अंगावरचे कपडे. पत्र्याची पेटी आप्पा म्हणाले ठेव, आपण काय कायमचं जातोय का.

सोलापुरात अण्णाच्या खोलीत राहायला मिळालं याचा मला इतका आनंद झाला होता की गाव सुटल्याचं काही वाटलं नाही. मला वाटत होतं, आता रोज चित्र, रोज गोष्ट. पण तो अण्णा मला ओळखू येईना. दाढी वाढलेली, डोळे खोल. पहाटे कामावर जायचा आणि आल्यावर हद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांबरोबर हळू आवाजात बोलत बसायचा. नाक्याचा विषय त्यानं काढला नाही. एक दिवस त्यानं माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. नवंकोरं, शाईच्या वासाचं.

"घे. आता तुला चिंध्या गोळा कराया नगं. गोष्टीसकट हाय."

मी पानं उलटली. त्यात तो राजा होता. तळहाताएवढा. इतका लहान की उंदरांचे डोळे शाईत बुजून गेले होते. शेजारी गोष्ट छापलेली होती. राजा मूर्ख होता, आळशी होता, प्रजा उपाशी असताना झोपत होता, आणि उंदरांनी त्याची मिशी कुरतडली तेव्हा सगळं राज्य त्याला हसलं. तेव्हा मला नाक्यावर अण्णाचे कान का लाल झाले होते ते कळलं. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. म्हणूनच तो बोलला नव्हता.

पुस्तक वाचून मी त्याच्यासमोर बसले. वाटलं, आता तो भिंतीला टेकेल.

"आवडलं न्हवं?" तो म्हणाला.

"व्हय."

आणि तो बाहेर गेला. त्यानं दिलं होतं ते चांगलंच होतं. एवढ्या हलाखीत बहिणीसाठी पुस्तक आणलं होतं त्यानं. पण त्यानंतर माझ्या भावानं मला गोष्ट कधी विचारली नाही. सगळी गोष्ट छापलेली होती. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निजामाचं राज्य गेलं आणि पाऊस सरता सरता आम्ही गावी परतलो. गावातल्या बऱ्याच घरांची दारं उघडी होती. त्यातली काही माणसं परत आली, काही कधीच आली नाहीत. हिंदू-मुसलमान, दोन्हीकडची. ज्यांच्याकडून मी दखनी शिकले त्यांच्यातलंही एक घर रिकामं होतं. आमच्या घराचं छप्पर एका बाजूनं बसलं होतं, आणि पेटी पावसाळाभर पाण्यात होती. उघडली तर आत लगदा. मी तो हातानं चिवडला. कागद विरघळला होता, पण शाई विरली नव्हती. एका ढेकळावर घोड्याचा एक पाय होता, तसाच, रेघेला रेघ लागून.

पुढं सगळं रीतसर झालं. मला आप्पांनी सोलापूरला ठेवून शिकवलं. मी मास्तरीण झाले. लग्न ठरलं होतं, ते मोडलं आणि दुसरं ठरवायला आप्पा राहिले नाहीत. अण्णा मुंबईच्या मोठ्या छापखान्यात गेला, तिथंच त्याचा संसार झाला. वर्षाआड भेट व्हायची. पहिलं मूळ चित्र मी विकत घेतलं तेव्हा त्याला दाखवायला इतक्या लांब घेऊन गेले. त्यानं चष्मा लावून पाहिलं, उलटून मागची बाजू पाहिली, म्हणाला, "डबल साइज हाय. ब्लॉक बरा आला आसंल." आणि मुलाला चहा आणायला पाठवलं. आता तोही नाही. त्याच्या मुलांना मी आत्या म्हणून माहीत आहे, दिवाळीला फोन येतो.

निवृत्त होण्याच्या थोडं आधी सोलापुरात एका बंद झालेल्या छापखान्याच्या रद्दीत मला एक चित्र मिळालं. मोठं चिंचेचं झाड, त्याच्या फांदीला झोका, मागं लांबवर टेकड्या. झोका रिकामा. माणूस कुठंच नाही. झाडाची सालसुद्धा इतक्या मायेनं काढलेली, आणि मधोमध नुसती कोरी जागा. कोपऱ्यात सहीची दोन अक्षरं होती. रद्दीवाल्यानं सांगितलं, ते चित्रकार अजून आहेत, विणकरांच्या वस्तीत राहतात.

मी गेले. सगळीकडं मागांचा खडखडाट. एका खोलीत म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. जुन्या काळी त्यांनी बऱ्याच छापखान्यांना चित्रं काढून दिली होती. घोडा, कोल्हा, बेडकांची सभा, मी एकेक सांगत गेले. "काढली असतील," ते म्हणाले. "आता काय ध्यानात ऱ्हातंय!"

मी झोक्याचं चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते खिडकीकडं तिरपं धरून पाहिलं.

"ह्यात पोरगी व्हती," ते म्हणाले.

"कुठं?"

"झोक्यावर. पाठमोरी. मालक म्हणला, गोष्टीत पोरगी न्हाय, काढून टाका. मग पांढरा रंग मारला वरनं. छापताना झोकाच आला नुसता."

"गोष्टीत नव्हती, तर तुम्ही का काढली?"

"गोष्ट कोण वाचाया देतं हो आमाला? झाड काढा, झोका काढा, एवढंच सांगायचे. आता झोका म्हनल्यावर कुनी तरी बसनारच की." ते थोडं हसले. "रिकामा झोका कसा काढायचा?"

चित्र मी त्यांच्याजवळच ठेवून निघत होते. त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. "न्या. हितं कोन बघनार?"

नळदुर्गावरून फिरून जाणाऱ्या परतीच्या बसला येळवशीची गर्दी होती. पोरं, पिशव्या, डेरे, मांडीवर कोंबलेली गाठोडी. मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी लुगड्यातली एक बाई बसली, तिच्या पायाशी ताकाची बरणी. नळदुर्ग मागं पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खिडकीतून अगदी आडवं आत येत होतं. मी चित्र उलगडून मांडीवर घेतलं. ती पोरगी मला दिसतेय का ते पाहत होते. पांढऱ्या रंगाखाली शाईची वर आलेली रेघ कुठं तरी असायला हवी होती. मी कागद इकडून तिकडून वळवला. माझ्या डोळ्यांना सगळं पांढरंच दिसत होतं.

शेजारची बाई वाकून बघत होती. "चांगलं काढलंय," ती म्हणाली. "चिच हाय न्हवं ही?"

"हो."

"आन् पोरगी का म्हून तिकडं तोंड करून बसलीया?"

मी तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला दिसली?"

"आता बया! न दिसाया काय झालं?" तिनं माझा हात धरून कागद थोडा आपल्याकडं कलता केला आणि बोट ठेवलं. "ही काय, हितं. येणी हाय पाठीवर. हितनं बघा."